‘तेव्हाच का नाही बोललीस?’

लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराविषयी या सदरात मी मागे एकदा ओझरतं लिहिलं होतं. त्यानंतर सुरू झालेली पत्रं अजून थांबलेली नाहीत. बऱ्याच पाकिटांवर पाठवणाऱ्याचं नाव नाही. एक पत्र तर वहीच्या मधल्या जोडपानावर, दोन्ही बाजूंनी, समाससुद्धा न सोडता लिहिलेलं आहे. त्यातली पाच पत्रं इथे घेते आहे. गावं, वयं, नाती बदलली आहेत, त्यामुळे लिहिणाऱ्याखेरीज कुणाला ओळख पटणार नाही.

‘माझं वय ४१. मुलगी तिसरीत आहे. मे महिन्यात तिला नणंदेकडे पाठवायचं ठरलं आणि बॅग भरताना माझे हातपाय गार पडले. मी तिच्याएवढी असताना सुट्टीत आत्याकडे जायचे. दुपारी सगळे झोपले की आत्याचे यजमान मला माडीवर बोलवायचे. पुढचं लिहवत नाही. इतकी वर्षं हे मला आठवत नव्हतं असं नाही, पण आठवत होतं असंही नाही. आता रोज आठवतं. पंख्याचा आवाज, जुन्या गाद्यांचा वास. मी ओरडले का नाही? दुसऱ्या वर्षी परत का गेले? आईला सांगितलं तर म्हणाली, तेव्हाच का नाही बोललीस? तुला तर तिकडचे आंबे फार आवडायचे. आता मलाच शंका येते, मी हे मनानं रचलं तर नाही ना?’

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण रात्री झोप उडवणारा तोच असणार. ‘आठवत नव्हतं असं नाही, पण आठवत होतं असंही नाही,’ हे तुमचं वाक्य मी माझ्या वहीत उतरवून घेतलं आहे. इतकं नेमकं मी क्वचित ऐकलंय. घाबरलेल्या मुलाच्या मनात प्रसंग गोष्टीसारखा, आधी हे आणि मग ते, असा साठत नाही. वास, आवाज, उजेडाची तिरीप, पोटात आलेला गोळा असे सुटे तुकडे राहतात. त्यांना शब्द देता येत नाहीत, कारण त्या गोष्टीसाठीचा शब्दच आपल्या घरांत मुलांच्या हाती दिलेला नसतो. मग मूल ते तुकडे कोनाड्यात सरकवतं आणि शाळेत जातं, पाढे म्हणतं, मोठं होतं, संसार करतं. आज तुमची मुलगी त्या वयाची झाली. तिचे पडलेले दात, सुट्टीची बॅग, त्यात घडी करून ठेवलेले फ्रॉक हे सगळं समोर आलं आणि कोनाडा उघडला. मुलं त्या वयाला पोचली की माझ्याकडे येणाऱ्या अनेक आया मला माहीत आहेत.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आठवण म्हणजे चित्रफीत नव्हे. इतक्या वर्षांत तपशील सरकतात, दोन सुट्ट्या मिसळून एक होतात, जिन्याची बाजू बदलते. तेवढ्यानं घटना खोटी ठरत नाही. पण म्हणूनच संमोहनानं दडलेल्या आठवणी बाहेर काढून देतो म्हणणाऱ्या कुणाकडे जाऊ नका. आपणहून आठवतं तेवढं पुरे. बरं व्हायला सगळं आठवावं लागत नाही.

ओरडला का नाहीत? संकट आलं की प्राणी लढतो किंवा पळतो, हे आपण ऐकलेलं असतं. तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही. दोन्ही शक्य नसेल तर शरीर गोठतं. आवाज फुटत नाही, हात उचलत नाही. काहींना तर आपण छताजवळून खाली बघतोय असं वाटतं. स्टॉकहोममधल्या एका तातडीच्या उपचार केंद्रात बलात्कारानंतर आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के स्त्रियांनी असं गोठून जाणं लक्षणीय प्रमाणात अनुभवलं होतं. तुम्ही तर तिसरीतली पोर होतात, घर त्यांचं होतं आणि गेल्या गेल्या ज्यांच्या पाया पडायला शिकवलं होतं तेच समोर होते.

परत गेलात, कारण सुट्टीत कुठे जायचं हे तिसरीतली मुलगी ठरवत नाही. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ रोलंड समिट यांनी १९८३ मध्ये अशा मुलांच्या वागण्याची घडण मांडली. आधी गुपित, मग असहायता, मग अडकल्यामुळे जुळवून घेणं, पुढे कधीतरी उशिरा आणि अडखळत सांगणं, आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे बघून सांगितलेलं मागे घेणं. आपली घरं मधल्या पायरीवर बोट ठेवतात आणि तिला संमती समजतात. आंबे तुम्हाला खरोखरच आवडत असणार. आंबे हवेसे आणि माडी नकोशी, ही दोन्ही एकाच मुलीच्या मनात एकाच दुपारी राहू शकतात. तुमच्या आईला आंबे तेवढे दिसले. तिचा प्रश्न ऐकून तुम्हाला किती एकटं वाटलं असेल ते मी समजू शकते. पण अशा आया बहुधा स्वतःलाच विचारत असतात की मला कसं दिसलं नाही. तिला तो प्रश्न तिच्या वेगानं सोडवू द्या. त्याचं ओझं तुम्ही उचलू नका.

मुलीला पाठवायचं नसेल तर पाठवू नका, कुणाला कारण देत बसू नका. आठवणींनी घेरलं की डोळे मिटून ध्यानाला बसू नका. अनेकांना त्यानं उलट जास्त त्रास होतो, आणि दहा दिवसांच्या मौन शिबिराचा विचार तर सध्या नकोच. डोळे उघडे ठेवा. अनवाणी पाय फरशीवर टेकवा, गारवा जाणवू द्या, दाढेखाली लवंग धरा आणि मोठ्यानं म्हणा: आजची तारीख अमुक, माझं वय ४१, या घराची किल्ली माझ्याकडे आहे. हे हास्यास्पद वाटेल. तरी करा. आपण त्या माडीवर नाही, हे शरीराला डोळे आणि पाय पटवून देतात. मनाची समजूत त्यानंतर पटते.

कायद्याचं विचारलं नाहीत, तरी सांगून ठेवते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला आणि त्याआधीच्या घटनांना तो लागत नाही. तुमच्या बाबतीत तेव्हाची दंड संहिता पाहावी लागेल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. तक्रार करायची की नाही हे आज ठरवायची घाई नाही.

‘मी मुलींच्या बालगृहाची अधीक्षिका आहे. चार महिन्यांपूर्वी धाडीत सोडवलेली सोळा वर्षांची मुलगी आमच्याकडे आली. बारा वर्षांची असताना तिला विकलं होतं. ती आंघोळ करत नाही, ताटं भिरकावते, एकदा ब्लेडनं हात कापून घेतला. घरवालीला ती अम्मा म्हणते, तिच्याकडे परत जायचं म्हणते. पहिल्या जबाबात सगळं सांगितलं, आता म्हणते मी माझ्या मर्जीनं गेले होते. आमच्या बायका म्हणतात, हिला तेच आवडतं. आम्ही एवढं करतो, तिला काडीची किंमत नाही.’

मॅडम, तुमच्या पत्रातला थकवा मला ओळखीचा आहे. तरीही एक विनंती आधी करते. ‘हिला तेच आवडतं’ हे वाक्य आजपासून तुमच्या आवारात कुणी उच्चारू नये. त्या मुलीनं ते आधी ऐकलेलं आहे. दलालाकडून, गिऱ्हाईकाकडून. तुमच्या घरातही तेच ऐकू आलं तर तिच्या दृष्टीनं घर बदललं, माणसं तीच राहिली.

अम्माचं कोडं तितकंसं अवघड नाही. बारा वर्षांच्या मुलीला कुणाची तरी होऊन राहावंच लागतं. त्या जागी मारणारी तीच, जेवायला वाढणारी तीच, तापात कपाळावर बाम चोळणारीही तीच. पोलीस आले की माळ्यावर कोंडून ‘तोंडातून आवाज काढू नकोस, ते तुझं जास्त वाईट करतील’ हे सांगणारीही तीच. वर कर्जाचा हिशेब असतो. तुला आणायला एवढे मोजले, ते फिटले की तू मोकळी. मूल हा हिशेब खरा मानतं. फेड अर्धी असताना पळून आलो, याची बोच अनेक मुलींना असते. त्या घरात तिला नियम माहीत होते, केव्हा मार बसेल आणि केव्हा नाही हे कळत होतं. तुमच्याकडे अजून कळत नाही. म्हणून ती ताट फेकून बघते. मार पडतो का, उपाशी ठेवतात का, घालवून देतात का, हे तिला लवकर जाणून घ्यायचं असतं. वाट बघणं तिला जास्त कठीण जातं.

आता आंघोळ. मला तुमचं न्हाणीघर माहीत नाही, म्हणून विचारते: दाराला आतून कडी आहे का? पुष्कळ ठिकाणी मुलींनी जिवाचं काही करून घेऊ नये म्हणून कड्या काढलेल्या असतात, आणि हात कापलेल्या मुलीच्या बाबतीत ती काळजी खोटी नाही. पण जिच्या दारावर चार वर्षं कोणीही कधीही थाप मारत होतं, ती कडी नसलेल्या दारामागे कपडे काढणार नाही. तिला विचारा, बाहेर कोण उभी राहिलेली चालेल? ती सांगेल त्या बाईनं पाठ करून दाराशी उभं राहावं आणि अधूनमधून फक्त हाक द्यावी. रात्री बॅटरी घेऊन मुली मोजत असाल तर तिच्या तोंडावर उजेड मारू नका. अंगाला हात लावण्याआधी, गोळी देतानासुद्धा, सांगा. दिवसाचं वेळापत्रक भिंतीवर लावा आणि ते पाळा. दिवसातून दोन-तीन गोष्टी तिला ठरवू द्या. पोळी की भाकरी, कुठल्या रंगाचा कपडा, खिडकीजवळ झोपायचं की भिंतीजवळ. चार वर्षं तिच्या शरीराचे सगळे निर्णय दुसऱ्यांनी घेतले. निवड करणं ती विसरली आहे, ते पुन्हा शिकायला भाकरीपासून सुरुवात करावी लागते.

दोन गोष्टींत मात्र दिरंगाई नको. हात कापणं म्हणजे नाटक नव्हे. बाल कल्याण समितीला कळवा आणि मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. आणि तिला दारू, गुटखा किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय लावली होती का हे तपासा. या जागांवर मुलींना गप्प ठेवायला हे सर्रास वापरतात. ताटं फेकण्यामागे सुटलेल्या व्यसनाची तडफड असू शकते, आणि तिला औषध आहे.

‘मर्जीनं गेले’ या वाक्याला घाबरू नका. अठरा वर्षांखालच्या मुलीची मर्जी या बाबतीत कायदा धरतच नाही. भारतीय न्याय संहितेच्या १४३व्या कलमानुसार मानवी तस्करीच्या गुन्ह्यात पीडित व्यक्तीची संमती विचारात घेतली जात नाही, मग तिचं वय काहीही असो. जबाब फिरवणं ही समिटच्या मांडणीतली शेवटची पायरी आहे. तिच्यापर्यंत कुणाचा निरोप पोचला का, गावाकडच्या धाकट्या बहिणीची धमकी आली का, हे शांतपणे पाहा आणि वकिलांना सांगा. तिला रागावू नका. देणगीदार आले म्हणून तिची कहाणी तिच्याकडून पुन्हा वदवून घेऊ नका. हे तुम्ही करत असाल असं नव्हे. पण होतं, मी पाहिलं आहे.

माझी एक चूक सांगते. नवी नवी काम करत असताना चौदा वर्षांच्या एका मुलीला मी विचारलं होतं, ‘आईला का नाही सांगितलंस?’ माझ्या मनात तिला दोष द्यायचा नव्हता, माहिती हवी होती. ती उठली, ओढणी सारखी केली, ‘येते’ म्हणाली. पुन्हा आली नाही. तेव्हापासून मी तो प्रश्न कुणालाही विचारलेला नाही. त्याऐवजी विचारते, ‘हे घेऊन इतके दिवस कशी राहिलीस?’ याचं उत्तर मुली देतात.

आणि काडीच्या किमतीबद्दल. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईच्या कुंटणखान्यांवर मोठी धाड पडली, शेकडो मुली सोडवल्या गेल्या, त्यात खूप जणी नेपाळच्या होत्या. त्यांना परत घ्यायला तिकडचं सरकार राजी नव्हतं. त्या कित्येक महिने इथल्या आश्रयगृहांत राहिल्या. अखेर नेपाळमधल्या संस्थांनी शंभराहून जास्त मुलींना मायदेशी नेलं. त्यातल्याच काही जणींनी त्याच वर्षी काठमांडूत ‘शक्ती समूह’ ही स्वतःची संघटना उभी केली. तस्करीतून सुटलेल्या मुलींनी स्वतःच चालवलेली. २०१३ मध्ये तिला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिच्या संस्थापकांपैकी चरिमाया तामाङ यांनी गावी परतून आपल्याला विकणाऱ्यांवर स्वतः खटला भरला आणि आठ जणांना शिक्षा झाली. ज्या दिवशी त्या मुंबईच्या आश्रयगृहात आल्या, त्या दिवशी त्यांच्याकडे बघून हे कुणाला दिसलं असतं? तुमची मुलगी संघटना काढेल असं मी म्हणत नाही. ती कदाचित फक्त नीट झोपायला लागेल. पण चार महिन्यांत तिचा हिशेब मांडू नका.

‘मी २५ वर्षांचा आहे. २०१३ ते २०१५ या काळात क्लासचे सर मला शिकवणी संपल्यावर थांबवून घ्यायचे. मुलगा असून मी प्रतिकार केला नाही. त्याहून वाईट म्हणजे माझं शरीर प्रतिसाद द्यायचं. म्हणजे मला ते हवं होतं का? मी समलिंगी आहे का? घरी लग्नाचं चाललंय. अशी मुलं मोठी झाल्यावर तेच करतात असंही वाचलं. सर अजून क्लास चालवतात.’

मित्रा, गुदगुल्या केल्या की रडणारं मूलही हसतं. त्याला मजा येते म्हणून नव्हे. शरीराचा प्रतिसाद हा मज्जातंतूंचा व्यवहार आहे, तुझी परवानगी त्यात कुणी विचारली नव्हती. अत्याचार करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं आणि ‘बघ, तुलाही आवडतं’ म्हणत ते मुलाला गप्प करतात. बारा वर्षं तू त्या सरांचं वाक्य स्वतःचं समजून वागवतो आहेस.

तू एकटाही नाहीस. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक अहवाल काढला. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. निम्म्या प्रकरणांत करणारा ओळखीचा, विश्वासातला होता. बहुतेकांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. आपल्याकडे मुलग्याला रडायची मुभा नसते, म्हणून ही संख्या घरात दिसत नाही.

कुणाचं लैंगिक आकर्षण कुणाकडे असावं हे अत्याचार ठरवत नाही. तुला कोण आवडतं हा तुझा वेगळा प्रश्न आहे. उत्तर काहीही असलं तरी तो आजार नाही आणि ती सरांची देणगीही नाही. ‘अशी मुलं पुढे तेच करतात’ हे विधान बहुसंख्यांच्या बाबतीत खोटं आहे. ज्यांना हे सोसावं लागलं त्यातले बहुतेक जण कुणालाही इजा करत नाहीत. होणाऱ्या बायकोला सगळा तपशील सांगायचं बंधन नाही. मला लहानपणी एक इजा झाली आहे आणि मी त्यावर उपचार घेतोय, इतकं आत्ता पुरतं. पण उपचार आधी सुरू कर. समोरासमोर जायला धीर होत नसेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

तुझ्या पत्राची शेवटची ओळ मला स्वस्थ बसू देत नाही. सर अजून क्लास चालवतात. म्हणजे शिकवणी संपल्यावर आजही कुणीतरी थांबत असेल. तुझ्या बाबतीतली घटना पोक्सो लागू झाल्यानंतरची आहे. हा कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही, आणि पीडित मोठा झाला म्हणून तक्रारीचा हक्क संपत नाही, हे केंद्र सरकारनं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. तुझ्यावर मी दडपण आणणार नाही. तू तेव्हा काही केलं नाहीस असा याचा अर्थ लावू नकोस. पण संपादकांकडे माझा क्रमांक आहे. पोलीस ठाण्यात जायचं ठरवलंस तर मी सोबत येईन.

‘नऊ वर्षांच्या नातीनं परवा सांगितलं की शेजारच्या दादानं... सून म्हणते बोभाटा नको, मुलीची जात आहे. काय करू?’

आजी, हे उत्तर छापून येण्याची वाट न बघता पत्र मिळालं त्याच दिवशी मी फोन केला होता, हे तुम्हाला माहीत आहे. इतरांसाठी लिहिते. नातीनं सांगितलं आणि तुम्ही म्हणालात, ‘बरं केलंस मला सांगितलंस.’ सगळ्यात मोठा उपचार तुम्ही तिथेच केलात. पुढे तिला खोदून खोदून विचारू नये. तिनं जे शब्द वापरले तेच लिहून ठेवावेत. अंगावरचे कपडे धुवू नयेत, कागदात गुंडाळून ठेवावेत. शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत दवाखान्यात न्यावं, कारण काही संसर्ग टाळणारी औषधं तेवढ्याच अवधीत उपयोगी पडतात. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाला हे उपचार मोफत करावे लागतात.

मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो. पोलिसांना मुलीचा जबाब घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे, गणवेश न घालता आणि शक्यतो महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो. तिचं नाव छापणं गुन्हा आहे, म्हणजे सुनेला वाटणाऱ्या बोभाट्यालाच कायद्यानं बांध घातला आहे. कळूनही न कळवणं हाही पोक्सोखाली गुन्हा ठरतो. पैशाची मदत महाराष्ट्रात मनोधैर्य योजनेतून मिळते, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. सुनेवर रागावू नका. तिला बहुधा कधीतरी कुणीतरी गप्प केलेलं आहे.

‘मी १४ वर्षांची असताना गावातल्या एका बाईनं मुंबईत धुणंभांड्याचं काम देते म्हणून नेलं आणि विकलं. सहा वर्षं काढली. पुढे एका चांगल्या माणसानं लग्न केलं, तो तीन वर्षांपूर्वी वारला. मुलगा अकरावीत आहे. मी शाळेचे गणवेश शिवते. रात्री दाराला कडी लावून वर पाटा टेकवते, तेव्हा झोप येते. अत्तराचा वास आला की उलटी होते. कधी कधी मुलगा हाक मारतो ती ऐकूच येत नाही, मी कुठेतरी गेलेली असते. आमच्या भजनी मंडळातल्या ताई म्हणतात, त्या बाईला माफ करून टाक, मन हलकं होईल. मला नाही जमत. मुलाला सांगायचं का? मी बरी होणार का? एस.टी.नं दोन तासांवर आहे, यायला सांगितलं तर येईन.’

ताई, वहीच्या जोडपानावरचं पत्र तुमचं. मी ते तीनदा वाचलं.

माफी हे औषध नाही. काहींना कधीतरी ती द्यावीशी वाटते, काहींना कधीच नाही, आणि दोघीही बऱ्या होतात. तुम्हाला राग येतो याचा अर्थ आपल्यावर अन्याय झाला हे तुम्हाला आता ठामपणे कळलं आहे. भजन चालू ठेवा. माफीचा विषय निघाला तर ‘माझ्या वेळेनं बघेन’ म्हणा.

पाटा, अत्तर, हाक ऐकू न येणं, या तिन्हींना मिळून एक नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात २०२२ पासून ते वेगळं नोंदवलं जातं, ‘गुंतागुंतीचा आघातोत्तर ताणविकार’. एकाच अपघातानं होणाऱ्या त्रासापेक्षा, वर्षानुवर्षं सुटका नसलेल्या जागी राहावं लागल्यानं होणारा त्रास निराळा असतो. त्यात जुने प्रसंग परत अंगावर येतात, पण त्याशिवाय स्वतःबद्दल कायमची घाण वाटते, माणसांजवळ जाववत नाही, भावना एक तर उकळतात नाहीतर गोठतात. नाव सांगितलं, कारण आपल्या बायकांना अशा वेळी बाहेरची बाधा म्हणून देवऋष्याकडे नेतात किंवा नाटकी म्हणतात. हा त्रास डॉक्टरांना माहीत असलेला आहे आणि त्यावर उपचार आहेत.

अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये बरं होण्याचे तीन टप्पे मांडले. आधी सुरक्षितता, मग आठवून शोक करणं, मग माणसांत परतणं. मी त्याच क्रमानं काम करते. पहिल्या टप्प्यात मी तुम्हाला त्या सहा वर्षांबद्दल काहीही विचारणार नाही. झोप, जेवण, कुठे गेल्यावर भीती वाटते, घरात अत्तर कुठून येतं, एवढंच. त्याला काही महिने लागतील. गोळ्या लागल्या तर झोप आणि भीती सुधारण्यापुरत्या देईन. आठवणी पुसणारी गोळी नाही आणि नुसत्या झोपेच्या गोळ्यांवर वर्षानुवर्षं काढणं वाईट. पुढे तुमची तयारी झाली की आठवणींवर काम करण्याच्या पद्धती आहेत, त्यात तुम्ही कधीही ‘आज इथेच थांबू’ म्हणू शकता. तो शब्द तुमचा राहील.

मुलाला सांगायची घाई नको. पण तो अकरावीत आहे, आई मधूनच कुठेतरी जाते हे त्याला कळतंय. आज त्याला एवढं सांगा की मी लहान असताना माझ्याशी काही माणसं फार वाईट वागली, त्यामुळे असं होतं. तुझं काही चुकत नाही आणि मी दवाखान्यात जाणार आहे. बाकीचं तुम्ही कधी आणि किती सांगायचं, तुम्हीच ठरवाल.

बरी होणार का? सहा वर्षं पुसून निघणार नाहीत. पण अत्तराचा वास येऊन फक्त मळमळेल आणि तुम्ही खिडकी उघडून परत मशीनवर बसाल, असे दिवस मी माझ्या खोलीत अनेकींच्या तोंडून ऐकले आहेत. ते दिवस गाजावाजा न करता येतात. बाई येऊन आधी मुलाच्या फीचं बोलते आणि निघताना सांगते, परवा रात्री कडी लावायचीच विसरले.

पाटा काढू नका, असू द्या. मंगळवारी दुपारी दोननंतर माझ्याकडे गर्दी नसते. बाहेरच्या मुलीला नाव सांगायची गरज नाही, ‘गणवेशवाली’ म्हणा, तिला सांगून ठेवलं आहे. माझ्या खोलीचं दार उघडंच असतं. दाराजवळच्या खुर्चीत बसा, पाठ भिंतीला लागेल आणि दार दिसत राहील अशी ती ठेवलेली आहे. परतीची शेवटची एस.टी. कितीची आहे ते विचारून या, म्हणजे त्याआधी आपण उठू.